लॅपटॉपचा बाण थरथरतो

६ नोव्हेंबर २००५, रविवार. सकाळ.

दिवाळी संपली. डब्यात शंकरपाळ्यांचा चुरा उरला आहे. नवी वही आजपासून. ही वही खाजगी आहे, कुणी उघडू नये. उघडतं कुणी असं नाही. पण सून हुशार आहे, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

घरात आता दोन कॉम्प्युटर झाले. हॉलमधला डेस्कटॉप पाच वर्षांचा. कॉम्प्युटरवाल्या जितेंद्रने सुटे भाग आणून जोडलेला, वर सुनेने म्हणजे लतिकाने शिवलेलं फुलाफुलांचं आवरण. आणि दुसरा हा लॅपटॉप, शाळेच्या पाटीएवढा, हर्षवर्धनला कंपनीने दिलेला. चिरंजीवांचं काम कामणच्या गोदामात. तिथे धूळ फार, म्हणून लॅपटॉप बहुतेक दिवस घरीच असतो. कपाटात, टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा.

मुद्दा हाताचा आहे. यंदा शुभेच्छापत्रं लिहिताना ‘स’ला शेपूट फुटलं. पेन वाईट होतं. तरी जपायला हवं, कारण सव्वीस जानेवारी आली. शाळेची प्रशस्तिपत्रकं. गेली बावीस वर्षं त्यांवरची मुलांची नावं मी लिहितो. कट निब, काळी शाई. निवृत्त झालो तरी शाळेने दुसरा माणूस शोधला नाही. लोक मला दिनानाथ म्हणून कमी आणि ‘ते अक्षरवाले’ म्हणून जास्त ओळखतात. हात गेला तर पेन्शन घेणारा एक म्हातारा उरेल. तसे वसईत पुष्कळ आहेत.

नात उन्नती सातवीत आहे. ती म्हणाली, आजोबा, गेम खेळा, त्याने हात आणि डोळ्याचा मेळ बसतो, मासिकात आलंय. त्याच मासिकाबरोबर आलेली सीडी तिने लावून दिली. गेमचं नाव इंग्रजी आहे. मी त्याला ‘भुयार’ म्हणतो. काळोखं भुयार, आपल्याकडे एक पणती. माउस सरकवत पणती पुढे न्यायची. भिंतीला टेकली की विझते. मग काळोखातून एक बाई येते. पांढरा चेहरा, मोकळे केस. पडदाभर होते आणि किंचाळते. अशी सात भुयारं.

एकदा खेळून पाहिलं. पहिल्याच वळणावर बाई आली. मी घाबरलो नाही. खुर्ची मागे गेली ती चाकांमुळे.

संकल्प: नाताळपर्यंत सातही भुयारं. मग पत्रकं म्हणजे खेळ.

८ नोव्हेंबर.

डेस्कटॉपवर सकाळी चाळीस मिनिटं. बाई अकरा वेळा आली. बाण थरथरतो हे नीट पाहिलं. मी धरलेला माउस स्थिर, बाण मात्र पाण्यावरच्या पानासारखा. माउस उलटा करून आतली गोळी काढली. चाकांना कापूस चिकटलेला. रोगाचं मूळ सापडलं. काडीने साफ केलं.

त्यानंतर बाई नऊ वेळा आली. म्हणजे सुधारणा आहेच.

लतिकाच्या फोडणीला हल्ली वास राहिलेला नाही. हिंग भेसळीचा आणते बहुतेक. बोललो नाही.

१० नोव्हेंबर.

जितेंद्रला बोलावलं. गास गावाहून आला, वर्षानुवर्षं आमच्या कॉम्प्युटरचा वैद्य तोच. म्हणाला, काका, गोळीवाले माउस आता कुणी वापरत नाही. लाल दिव्याचा नवा लावून दिला. तपासायला म्हणून स्वतः ‘भुयार’ खेळला. एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर कुणाला तरी शिव्या. पाचव्या भुयारापर्यंत गेला आणि कंटाळून उठला. मी विचारलं, बाण हलत नव्हता? नव्हता म्हणाला.

त्याचा हात वाईट मालाला सरावलेला आहे. आपला नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

फार वाईट झालं.

लतिका आणि हर्षवर्धन बाजारात, उन्नती क्लासला. संधी साधून बसलो. भुयारात शिरताना कविता म्हणायची अशी युक्ती काढली आहे. शाळेत माझं टेबल आणि सातवी ब यांच्यामध्ये एकच पातळ भिंत होती. एकतीस वर्षं पलीकडून कविता ऐकल्या, साठ मुलांच्या एका सुरात. शिक्षक बदलले, कारकून तोच. सातवीची कोणतीही कविता मला झोपेत विचारा. तर त्यातली एक तालात म्हणत निघालो. पहिलं कडवं सुखरूप. दुसऱ्या कडव्याला बाई आली, आणि उन्नतीने स्पीकरचा आवाज सगळा वाढवून ठेवला होता.

खालच्या मजल्यावर कार्मिनबाई राहतात. मूळच्या सांडोर गावच्या, निवृत्त नर्स. दोन मिनिटांत रक्तदाबाचं यंत्र घेऊन दारात. त्यांना वाटलं लतिकाला काही झालं. मी म्हणालो टीव्ही होता. टीव्ही बंद होता आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाई दात दाखवत उभी. कार्मिनबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. माझ्या हातात चहाची बशी होती. बशी वाजत होती. मी बशी खाली ठेवली. हात मांडीवर ठेवला. तो तिथेही गप्प बसेना. मग खिशात घातला.

तेव्हाच निर्णय घेतला की डेस्कटॉप हे यंत्र सार्वजनिक आहे. साधनेला एकांत लागतो.

२१ नोव्हेंबर.

लॅपटॉपचे फायदे: खोलीत नेता येतो. कानात वायरी घातल्या की बाई फक्त आपल्यापुरती. लोडशेडिंगला घाबरत नाही. डेस्कटॉप वीज गेली की यूपीएसवर दहा मिनिटं टीं टीं करत रडतो. पडदा जवळ असतो.

तोटा: पडदा जवळ असतो.

आणि माउसऐवजी सुपारी ठेवण्याइतकी एक गुळगुळीत जागा. तिच्यावर बोट फिरवायचं. उद्यापासून.

हर्षवर्धनला सांगितलेलं नाही. तो ‘कंपनीचा आहे’ एवढं एकच वाक्य म्हणतो आणि बापाकडे बघतो.

२२ नोव्हेंबर.

लॅपटॉपचाही बाण थरथरतो.

म्हणजे दोष त्या जितेंद्रचा नव्हता. त्याच्याबद्दल काही वाईट लिहिलं असेल तर ते मागे घेतो. दोष विजेत असावा. पण लॅपटॉप बॅटरीवर होता.

विचार करतो आहे.

२७ नोव्हेंबर.

विचार झाला. लॅपटॉप मांडीवर घ्यायची वस्तू, आणि माणसाची मांडी काही दगडाची नसते. खाली पक्कं काही हवं. स्वयंपाकघरातून पोळपाट आणला. शिसवी, जड, तीन पायांचा. पलंगावर पोळपाट, त्यावर लॅपटॉप, पुढे मी. बैठक राजेशाही.

पहिलं भुयार पार! तीन आठवड्यांनी! बाहेर आलो तर लतिका पोळपाट शोधत होती. कणीक भिजवून वाळायला लागली होती. तिने विचारलं, बाबा, पोळपाट पाहिलात? मी नाही म्हणालो. तिने विचारलं, काय म्हणालात? मी पुन्हा नाही म्हणालो. पुन्हा काय म्हणालात? हे हल्ली रोजचं आहे. एक वाक्य तीनदा बोलावं लागतं. लतिकाचे कान तपासून घ्यायला हवेत, एवढ्या लहान वयात बहिरेपण बरं नव्हे.

पोळ्या तिने परातीच्या पाठीवर लाटल्या. मला आत बसून ऐकू येत होतं.

४ डिसेंबर.

दुसऱ्या भुयारात एक जागा आहे. दोन्ही भिंती जवळ येतात आणि पणतीला जेमतेम वाट राहते. तिथे पोचलो की बाई येणार हे आधीच कळतं. बोट तिथे जास्तच थरथरतं. बाई येते म्हणून थरथरतं की थरथरतं म्हणून बाई येते?

आमच्या अण्णांचाही उजवा हात असाच

खोडलं नाही, पण पुढे लिहीत नाही. अण्णा थोरले भाऊ. राजापूरला असत. आधी हात, मग चालणं, शेवटची चार वर्षं वहिनी भरवायची. पण अण्णा तंबाखू खात. मी सुपारीसुद्धा खात नाही. संबंध नाही.

आज दिवसभर लॅपटॉप उघडला नाही.

५ डिसेंबर.

संबंध नाही.

११ डिसेंबर, रविवार.

शोध लागला!!

उजव्या बोटाला कंटाळून सहज डावं बोट लावलं. पणती कशी गेली म्हणून सांगू! दुसरं भुयार पार, ती अरुंद जागासुद्धा. तिसरं पार. चौथ्याच्या तोंडाशी बाई आली, ती जेवायला हाक आली म्हणून माझं लक्ष गेलं तेव्हा. डावा हात दगडासारखा स्थिर. जन्मात त्याने पाण्याचा तांब्या उचलण्यापलीकडे काही केलेलं नाही.

निष्कर्ष उघड आहे. हा लॅपटॉप डावखुऱ्यांसाठी बनवलेला आहे. परदेशात डावखुरे फार. कंपनीने स्वस्तात घेतला असणार. हर्षवर्धनला कसं सांगावं?

मग खात्रीसाठी डेस्कटॉपवर डाव्या हाताने बसलो. तिथेही तीन भुयारं.

डेस्कटॉपसुद्धा डावखुरा निघाला. जितेंद्रने कुठून कुठून सुटे भाग आणले कोण जाणे.

१८ डिसेंबर.

सदऱ्याची काजं लतिका कुठल्या शिंप्याकडून करून आणते? इतकी घट्ट की सकाळी पाच बटणांना पाव तास लागतो. आज मधली दोन तशीच सोडून वर स्वेटर घातला. तिने आणलेल्या नव्या सपातासुद्धा अशा की पाय उचलला जात नाही, घासत चालावं लागतं. पैसे वाचवण्याच्या नादात घरातल्या वडीलधाऱ्यांचे हाल.

या वहीत मात्र काटकसर साधली आहे. माझं अक्षर हल्ली आपोआप बारीक येतं. एका पानात पूर्वीच्या तीन पानांचा मजकूर मावतो. मोत्यांची मोहरी झाली. दिसायला सुबक.

२५ डिसेंबर. नाताळ.

कार्मिनबाईंनी वर ताट आणलं. केक, करंजीसारख्या नेवऱ्या, सांडोरच्या वाडीतली केळी. मी दोन्ही हातांनी घेतलं. दोन्ही हातांनी घेणं ही नम्रता आहे, आणि शिवाय एक हात दुसऱ्याला धरून ठेवतो.

लतिका आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, मी तीस वर्षं वॉर्डात काढली. हात दाखवा.”

मी म्हणालो थंडी आहे.

“पंखा चालू आहे,” त्या म्हणाल्या.

खरोखरच चालू होता. ताट परत नेताना त्या म्हणाल्या, स्टेशनजवळ मेंदूचे डॉक्टर बसतात, बुधवारी आणि शुक्रवारी, लवकर गेलेलं बरं असतं. कुणाला बरं असतं ते सांगितलं नाही.

नेवरी छान असणार. मला चव कळली नाही.

नाताळपर्यंतची सात भुयारं राहिली. मुदत संक्रांतीपर्यंत वाढवली.

५ जानेवारी २००६.

मुख्याध्यापिका वसुंधराबाई स्वतः येऊन प्रशस्तिपत्रकं देऊन गेल्या. शहाऐंशी. सोनेरी किनार, मध्ये नावासाठी रिकामी ओळ. बावीस तारखेला परत हवीत. त्या म्हणाल्या, यंदा पालक विचारत होते की कॉम्प्युटरवर का छापत नाही, पण मी म्हटलं, आमचे दिनानाथराव आहेत तोवर नाही. मी ‘अवश्य’ म्हणालो. त्यांनी विचारलं, काय म्हणालात?

वसुंधराबाईंचेही कान.

पत्रकं गादीखाली ठेवली, सपाट राहावीत म्हणून. रात्रभर त्यांच्यावर झोपायचं म्हणजे शहाऐंशी मुलांनी उशाशी उभं राहून बघण्यासारखं आहे.

१२ जानेवारी.

कार्यक्रम आखला. आधी उजव्या हाताने सात भुयारं, तोवर निबला स्पर्श नाही. अर्धवट हाताने मुलांची नावं लिहिणं हा त्यांचा अपमान. आज उजव्याने: पहिलं भुयार, निम्मं. बाई सव्वीस वेळा आली. आता ती किंचाळायच्या आधी थोडं थांबते असं वाटतं. माझ्याकडे बघते. ओळखीची झाली आहे.

काव्य सुचलं:

स्थिर राहा रे माझ्या हाता,
दोन वितीची वाट;
पणती नेऊ, नंतर देईन
विश्रांतीची खाट.

शेवटच्या ओळीने माझाच जीव दडपला. खोडली. दुसरी सुचली नाही.

१४ जानेवारी. संक्रांत.

तिळगूळ वाटताना तीनदा सांडला. लोकांना वाटलं मी उदार आहे.

१७ जानेवारी, मंगळवार.

पाच दिवस उरले. भुयारं राहू दे म्हटलं. दार लावून पोळपाटावर पहिलं पत्रक ठेवलं. निब बुडवली. देवाचं नाव घेतलं. पहिलं नाव ‘कुमारी पूर्वी’, सोपं नाव, आडनावही लहान.

पहिला ‘कु’ बरा आला. मग अक्षरं आपोआप लहान लहान होत गेली, जणू एकामागे एक कुणी दाराआड लपतंय. आडनावापर्यंत मुंगी झाली. रेघांना काटे.

कागद गुळगुळीत आहे. दुसरं पत्रक घेतलं. शाई पातळ आहे. तिसरं. चौथ्याच्या वेळी निब टेकण्याआधीच हवेत थरथरत होती, आणि हवेत कागदही नव्हता, शाईचाही दोष नव्हता, बाणही नव्हता.

चार पत्रकं वाया. बाई यायला हवी होती. आली नाही. खोलीत इतकी शांतता होती की मीच थोडा ओरडलो असेन.

१८ जानेवारी.

लतिका पोळपाट शोधत थेट माझ्या खोलीत आली. म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पोळपाट उचलला, त्याखाली ती चार पत्रकं. तिने एकेक पाहिलं. मी कागदाबद्दल सांगितलं, शाईबद्दल सांगितलं, आजकाल सोनेरी किनार कशी तेलकट असते तेही सांगितलं. ती काय म्हणालात असं विचारत नव्हती, म्हणून मी बराच वेळ बोललो.

संध्याकाळी हर्षवर्धन कामणहून आल्यावर दोघं स्वयंपाकघरात बोलत राहिली. मग तो माझ्याजवळ येऊन बसला. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला बसायचा तसा, कडेला. म्हणाला, “बाबा, शुक्रवारी जायचं. मी रजा टाकली आहे.”

मी म्हटलं, जाऊ, पण लॅपटॉप बरोबर घ्यायचा. डॉक्टरांना मूळ दोष कळायला हवा. तो हो म्हणाला. वाद घातला नाही. त्याने वाद घातला नाही याचीच मला जास्त धास्ती वाटते.

२० जानेवारी, शुक्रवार.

डॉक्टर तरुण आहेत. माझ्या वह्या-पुस्तकांच्या काळात जन्मलेही नसतील. मी लॅपटॉप उघडून ‘भुयार’ लावायला घेतलं. बाईचं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, लॅपटॉप मिटून हर्षवर्धनकडे दिला आणि माझ्यासमोर एक कोरा कागद सरकवला. साधं बॉलपेन. म्हणाले, आजोबा, मधून सुरू करून एक मोठी चकली काढा.

आधी डाव्याने काढायला सांगितली. चकली आली. बेढब, पण पानभर.

मग उजव्याने.

चकली नव्हती ती. मधल्या मध्येच आवळत गेलेला काटेरी गुंता. रुपयाएवढा. मी म्हणालो टेबल हलतंय. डॉक्टरांनी टेबलावर हात ठेवून दाखवला. मग माझ्या मनगटाला धरून हात वाकवून पाहिला, व्हरांड्यात चालवलं, परत चालवलं. हर्षवर्धन बाकावर बसून सगळं बघत होता, मांडीवर लॅपटॉप.

आजाराचं नाव सांगितलं. तेच, अण्णांचं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाची गोष्ट वेगळी, आता गोळ्या चांगल्या आहेत, पुष्कळ वर्षं नीट जातील, फक्त शिस्त हवी. मी मान डोलावली. ‘पुष्कळ’ म्हणजे किती हे विचारायचं राहिलं.

त्यांनी विचारलं, सुरुवात केव्हा झाली, आणखी काय काय जाणवलं, कधीपासून? नेमकं हवं, त्यावरून गोळीचा डोस ठरेल. मी म्हणालो, तारखेनिशी सांगतो, मी रोजनिशी ठेवतो. ते खूश झाले. म्हणाले, असा पेशंट विरळा. उद्या फोनवर कळवा.

एवढं एकच कौतुक दिवसभरात. घरी येईपर्यंत पुरलं.

२१ जानेवारी, शनिवार. दुपार.

वही उघडली. मला माझंच अक्षर वाचता येत नाही.

चष्मा पुसला. भिंग आणलं. नोव्हेंबरचं पहिलं पान लागतं. डिसेंबरपासून पुढे मुंग्यांची रांग. ही वाक्यं मी लिहिली, आणि मलाच ती परक्याची पत्रं. डॉक्टरांना चार वाजता फोन करायचा. हर्षवर्धन गोदामात, त्याला शुक्रवारची भरपाई. उन्नती शाळेत. कार्मिनबाई सांडोरला, भावाच्या घरी.

घरात लतिका.

बाईपेक्षा जास्त भीती मला याची वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. पाऊण तास पलंगावर बसून राहिलो. साडेतीनला लोडशेडिंग सुरू झालं, पंखा थांबला. मी वही घेऊन बाहेर गेलो आणि तिच्यापुढे धरली. हातात वही फडफडत होती. ती म्हणाली, काय म्हणालात बाबा? मी काही बोललोच नव्हतो.

ती खिडकीशी उजेडात बसली. तिचे डोळे तीक्ष्ण आहेत. सगळं वाचलं. मोठ्याने. हिंग वाचलं. कान वाचले. काजं आणि सपाता वाचल्या, ‘पैसे वाचवण्याच्या नादात’सकट. मला वाटलं आता ती वही मिटेल, उठेल, आणि या घरात मला पुन्हा कधी गरम पोळी मिळणार नाही. पण प्रत्येक वाक्यापाशी ती थांबायची आणि शेजारच्या कागदावर तारीख टाकून काहीतरी लिहायची. मी मान वाकडी करून पाहिलं. ‘८ नोव्हें. वास येत नाही. २७ नोव्हें. आवाज खोल. १८ डिसें. बटणं, पाय ओढत चालणं.’ एक एक तक्रार नीट, ओळीत. तिच्याविरुद्ध म्हणून लिहिलेलं सगळं. तिचा एकही दोष शिल्लक राहिला नाही.

अण्णांच्या पानापाशी तिचा आवाज थांबला. तेवढं तिने मनात वाचलं.

मग म्हणाली, “हिंग त्याच दुकानातला आहे, बाबा. बावीस वर्षं.”

आणि डॉक्टरांना फोन लावायला गेली.

२२ जानेवारी.

उरलेली ब्याऐंशी पत्रकं हर्षवर्धन शाळेत देऊन आला. वसुंधराबाईंना सगळं त्यानेच सांगितलं. मी खिडकीत उभा होतो. चार जास्तीची छापून घ्यायची म्हणाल्या. नावं आता कॉम्प्युटरवर.

गादी सपाट लागते आहे. झोप मात्र नाही.

गोळ्या सुरू. दिवसातून तीन. शिवाय डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे: रोज एक पान, मोठ्या अक्षरात, रेघांना टेकवून. लतिका दुपारी दुकानातून पहिलीच्या मुलांची दुरेघी वही घेऊन आली. कव्हरवर ससा आहे. नावाच्या ओळीवर तिने माझं नाव लिहिलं, इयत्ता रिकामी सोडली. ही बारीक अक्षरांची वही आता बंद करायची, असं ठरलं आहे. तपासणार तीच, लाल पेनने.

२६ जानेवारी. सशाची वही.

मोठं लिहायचं.
म्हणून थोडं लिहितो.

समारंभाला गेलो.
मागच्या रांगेत बसलो.

छापील नावं पाहिली.
सगळी एका उंचीची.
सुबक आहेत.

टाळ्या वाजवल्या.
दोन्ही हातांनी.

‘भुयार’ची सीडी
उन्नतीला परत दिली.

मला भीती वाटते.

*शेवटच्या ओळीत अक्षर पुन्हा लहान झालं आहे, बाबा. तेवढी ओळ मोठी काढा. — लतिका*

मला

भीती

वाटते.